अर्धा गेंडा

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन महिने पत्र नाही. आधी माफी मागते, मग कारण सांगते. म्हणजे तुला रागवायलाही क्रम मिळेल.

नोव्हेंबरात मी एक जुना टाइपरायटर घेतला आणि ठरवलं की त्यावरचं पहिलं पत्र तुला. बसले, तर यंत्रावर 'ळ' नाही. त्या जागी नुसतं भोक. म्हटलं, हरकत नाही. 'सगळे'चं 'सर्व' केलं, 'सकाळी'चं 'पहाटे' केलं (मी पहाटे कधीपासून उठायला लागले, असं तू विचारलं असतंसच). अशी दोन पानं झकास उतरली आणि शेवटी 'कळावे' लिहायला गेले, तिथे गाडं अडलं. 'कळावे' शिवाय पत्र संपवायचं कसं? दिवसभर दुसऱ्यांची प्रुफं तपासणारी बाई मी. 'कलावे' लिहून खाली सही करणं माझ्याच्याने होईना. तो एक शब्द हाताने लिहिता येईल हे मला आज सुचलं. नाही, खरं लिहिते: डिसेंबरातच सुचलं होतं. पण तोवर उशिराची लाज वाटायला लागली होती, आणि लाजेने आणखी उशीर झाला. आता हे अख्खं पत्रच हाताने लिहिते आहे.

टाइपरायटर कुठून घेतला हे तू विचारण्याआधीच सांगते. आमच्या छापखान्याच्या मागच्या गल्लीत, किल्ल्या बनवणारा आणि दातांचे डॉक्टर यांच्या मधोमध एक दुकान आहे. वर पाटी 'छत्री दुरुस्ती'ची, आत छत्री एकही नाही. बाकी सगळं आहे. मालकाला मी 'जरा-धरा' म्हणते. हा मनुष्य काय हवंय असं कधी विचारत नाही. तुमच्या हातात एक वस्तू देतो आणि म्हणतो, जरा धरा, तेवढी फळी पुसून घेतो. मग तो फळी पुसतच राहतो. तुम्ही वस्तू धरून उभे. पाच मिनिटांत ती वस्तू तुमची कधी होते ते कळतही नाही. परत देताना उलट आपणच कुणाचं तरी काही काढून घेतोय असं वाटतं.

परवा याच पद्धतीने माझ्याकडे अर्धा गेंडा आला. पितळी आहे. पुस्तकांची रांग ढासळू नये म्हणून दोन टोकांना दोन टेकू लावतात ना, त्यातला एक. दुसरा अर्धा कुठे आहे हे जरा-धरालाही ठाऊक नाही. मी तो सहज घेतला. हा शब्द तुला चालत नाही, पण दुसरा खरा शब्द माझ्याकडे नाही.

आता मुद्दा. तुझी शाळा बंद होते आहे आणि जूनपासून तू इथल्या शाळेत गणित शिकवणार, हे आज तुझ्या पत्रातून कळलं आणि मनात एकच आलं: वसतिगृहाची खोली कशाला? माझ्याकडे ये. मागची खोली तुझी. ती मी रिकामी करते.

प्रकृती सांभाळ. लोभ आहेच, तो माझ्यावर असू दे. वस्तूंवरचा मी बघून घेते.

तुझी धाकटी

रोजनिशीच्या सवयीने इथेही लिहून ठेवते. उद्याचं काम: मागची खोली आवरणे.


११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे तूर्त राखून ठेवले आहेत.

'ळ' नाही म्हणून तीन महिने पत्र नाही! माझ्या वर्गातली मुलं गृहपाठ न करण्याची कारणं देतात, त्यांना तुझ्याकडे शिकवणीला पाठवायला हवं. 'मी बरी आहे' या वाक्यात 'ळ' कुठे येतो ते दाखव. तेवढं लिहून पाठवलं असतंस तरी मी निवांत झोपले असते.

गेंड्याबद्दल काय बोलू? गेंड्याची कातडी तुला जन्मतःच मिळालेली आहे, वेगळी विकत आणायची गरज नव्हती. त्यातही अर्धी!

मागच्या खोलीचं तू लिहितेस ते मी मागच्या वेळी डोळ्यांनी पाहिलं आहे. नाटकातलं ते तीन पायांचं सिंहासन, आत लोलक नसलेली घंटा, डोळे तपासायचा तक्ता. तक्त्यावरच्या सगळ्यात खालच्या ओळीपर्यंत पोचायला मला सिंहासनावरून चढून जावं लागलं होतं. त्या खोलीत मी कुठे बसू? सिंहासनावर? चौथा पाय माझा घालू?

पण चेष्टा बाजूला. एक गोष्ट मनात आहे ती स्पष्ट विचारते. तू दुकानात जातेस, एखादी वस्तू हातात येते, तुला तिची दया येते आणि तू ती घरी आणतेस. माझी शाळा बंद होणार, राहती खोलीही जाणार, हे तुला कळलं त्याच दिवशी तू बोलावणं लिहिलंस. एक दिवससुद्धा विचार केला नाहीस. मला बोलावणं हीसुद्धा तुझी सहज खरेदी तर नाही ना? मी जुनी आहे, थोडी कुरकुरते आणि जागा बरीच अडवते. नीट विचार करून सांग. वसतिगृहाच्या बाईंना महिनाअखेरपर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे.

उत्तराला उशीर नको. 'ळ' लागला तर हाताने लिही.

ताई


१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. यातला 'विनंती' हा शब्द या वेळी खरोखरीचा आहे.

तुझ्या प्रश्नाला लगेच उत्तर लिहिलं असतं, तर तेही सहज लिहिलं असं तू म्हणाली असतीस. म्हणून आधी खोली आवरायला घेतली.

घंटा आणि तक्ता हातगाडीवर घालून जरा-धराकडे परत नेले. त्याने ते असे घेतले, जणू माहेरी आलेल्या लेकी. सिंहासन दातांच्या डॉक्टरांनी मागून घेतलं. चौथ्या पायाच्या जागी विटा लावून ते आता त्यांच्या बाहेरच्या खोलीत आहे आणि दाढ दुखणारे लोक त्यावर रुबाबात बसतात. मी रिकाम्या हाताने निघाले होते. खरंच निघाले होते. तेवढ्यात जरा-धराने लाकडी घडीचं स्टूल पुढे केलं आणि म्हणाला, बाई, जरा धरा.

स्टूल घरी आहे. यावर मी स्वतःशी बराच वाद घातला. तू उंचावरचं काही काढताना डुगडुगत्या खुर्चीवर चढतेस, म्हणून ते तुझ्यासाठी घेतलं, असं मी स्वतःला सांगितलं. मग विचारलं, हे घेण्याआधी सुचलं की नंतर? नंतर. म्हणजे कारण खोटं नाही, पण मागाहून जोडलेलं आहे.

तुझ्या प्रश्नाचंही तसंच आहे. तुला बोलावताना मी विचार केला नाही, हे अगदी खरं. तुझं पत्र उभ्यानेच वाचलं आणि चप्पल न काढता उत्तर लिहायला बसले. याला सहजच म्हणतात, दुसरं काय? पण ताई, मी रोज भाजी घेताना भरपूर विचार करते आणि त्यातली निम्मी भाजी सडते. सहज आणलेली वस्तू मात्र मी आजवर एकही टाकलेली नाही. घंटा परत नेली तीही फक्त तुझ्यासाठी, आणि दाराशी मला रडू आलं. तेव्हा तू खरेदी असशील तर असशील. पण माझ्या खरेद्यांचं पुढे काय होतं तेही बघ.

टाइपरायटर आणि गेंडा ठेवले आहेत. एवढी सूट दे.

तुझा लोभ आहे तसाच राहो, वाढला तर जागा करेन.

तुझी धाकटी

उद्याचं काम: स्टूल मागच्या खोलीत नेणे.


२२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. राखून ठेवलेलेही आता पाठवते आहे.

हे पत्र वाचताना तू दात काढणार हे मला दिसतंय. काढ.

सामान बांधायला सुतळी हवी होती म्हणून बाजारात गेले. सुतळीच्या दुकानाला लागून जुन्या वस्तूंचं दुकान आहे. इतकी वर्षं मी त्याच्यावरून नजर न वळवता जात आले. त्या दिवशी मात्र आत गेले. नुसतं बघायला. तुझ्यासारखी माणसं बिघडतात कशी, ते एकदा पाहावं म्हणून.

दुकानातली बाई विणत बसली होती. तिने मान वर केली नाही. 'ताई, या', 'बाई, बसा', काही नाही. मी वर्गात शिरले की सगळा वर्ग उभा राहतो. इथे एक टाकासुद्धा थांबेना. मला राग आला. राग आला म्हणून मी मुद्दाम रेंगाळले. रेंगाळले म्हणून खालच्या फळीवर माझी नजर गेली. तिथे धुळीत अर्धा गेंडा! पितळी, जाडजूड, ऐटीत वळवलेली शेपटी, आणि पोटापाशी साफ कापलेला.

आता माझी रीत बघ. कोणता अर्धा घेतलास हे तू लिहिलं नव्हतंस. लिहायची गरजही नव्हती. कुठलाही धडधाकट माणूस गेंडा घेईल तर शिंगाकडचा घेईल. म्हणजे तुझ्याकडे तोंड. इथे फक्त शेपूट आहे, तोंड नाही. म्हणजे तोंड दुसरीकडे गेलेलं आहे. दुसरीकडे म्हणजे तुझ्याकडे. सिद्ध झालं. मी तो उचलला, बाईने विणता विणता कागदात गुंडाळला आणि मी सुतळी न घेताच घरी आले.

धाकटे, काय मजा वाटली म्हणून सांगू! रस्ताभर पिशवी छातीशी धरून चालले. ओळखीची माणसं भेटली, तर आत काय आहे ते सांगावं की लपवावं कळेना. शिपायाला दाखवला. मुख्याध्यापिका बाईंनी न विचारताच त्यांनाही दाखवला.

तेव्हा असं ठरवलं आहे. महिनाअखेरीच्या आत माझा अर्धा घेऊन तुझ्याकडे येते. दोन्ही तुकडे नीट जुळले तर ती खूण समजेन आणि राहीन. वसतिगृहाला तोवर काही कळवत नाही. मला खुणा-बिणा पटत नाहीत हे तुला ठाऊक आहे, पण या वेळी हरकत नाही.

तुझी (आणि अर्ध्या गेंड्याची) ताई


२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. साष्टांग या वेळी जरा जास्तच लांब घातला आहे असं समज.

ताई, माझ्या गेंड्यालाही शेपूट आहे.

कोणता अर्धा, हे मी पत्रात मुद्दामच लिहिलं नव्हतं. त्या भागाला चांगला शब्द सापडेना. 'पिछाडी' लिहिलं, खोडलं. 'पार्श्वभाग' लिहिलं, ते तर फारच झालं. शेवटी नुसतं 'अर्धा' ठेवलं. धडधाकट माणूस शिंग घेतो हे तुझं बरोबर आहे, पण जरा-धराने हातात दिली ती शेपूट, आणि तिला सोडून यायचं माझ्या जिवावर आलं. बिचाऱ्या त्या बाजूला कोण घेणार?

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा वाटलं, तुला कळवूच नये. तू येण्याआधी कुठून तरी एक तोंड पैदा करावं. दोन संध्याकाळी दुकानं धुंडाळली. (मजाही आली, हे लपवत नाही.) सिंहाचं तोंड मिळालं, बदकाचं मिळालं, गेंड्याचं नाही. आणि मिळालं असतं तरी काय? तू आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट सहज घेतलीस, आणि तिच्यावर मी खोटं तोंड बसवणार? मग खूण कसली आणि घर कसलं?

तेव्हा जुळत नाही. तू खुणेवर सोडलं होतंस म्हणून हे लिहिताना हात जड झाला आहे. वसतिगृहाच्या बाईंना तू हो म्हणालीस तर मी समजेन. समजेन, पण मला आवडणार नाही, हेही खरं लिहिते.

रागाला जागा नको, लोभाला ठेव.

तुझी धाकटी

उद्याचं काम: काही सुचत नाही.


२८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शिक्षकांच्या खोलीत उघडलं ही चूक झाली. मी इतकी हसले की चित्रकलेच्या सरांनी पाणी आणून दिलं.

घरी येऊन गेंडा टेबलावर ठेवला. त्याची पाठ पुस्तकांना लावली, शेपूट आत. पुस्तकं ताठ उभी. दुसऱ्या टोकाला घासलेटचा डबा लावून पाहिला, तुझा गेंडा समजून. हललीसुद्धा नाहीत. म्हणजे माझा हिशेबच चुकीच्या जागी सुरू झाला होता. टेकू द्यायला तोंड लागतच नाही. पाठ लागते.

लहानपणी एका गादीवर आपण पाठीला पाठ लावून झोपायचो. तोंडं एकमेकींकडे असली की भांडण व्हायचं, म्हणून आईने काढलेली ती तोड होती. तू झोपेत लाथा मारायचीस, पण पाठ कधी काढली नाहीस. लोकांना तुझी ओळख करून देताना मी आजवर 'ही माझी पाठची' एवढंच म्हणत आले. शब्दाकडे लक्ष मात्र गेलं नव्हतं. ते जायला दोन गेंडे लागले.

वसतिगृहाच्या बाईंना आज नाही म्हणून कळवलं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, सहज.

सुट्टी लागली की येते. गेंडा हातात आणीन, सामानात घालणार नाही. सुतळी आणायला परत गेले होते तेव्हा त्या विणणाऱ्या बाईकडून आणखी एक वस्तू आली आहे. काय ते विचारू नकोस. पलंगाखालची जागा रिकामी ठेव आणि दाराची रुंदी मोजून कळव.

लोभ आहे. असावा म्हणायची गरज उरलेली नाही.

ताई


५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम त्या यंत्रावर लिहिते आहे. एक अक्षर नाही, तरी बघ किती पुढे आले.

दाराची रुंदी मोजली: माझे दोन्ही हात पसरून कोपरापर्यंत. त्याहून मोठी वस्तू असेल तर खिडकी काढू. पलंगाखाली काही नाही. झाडून घेतलं, दोनदा. तिथे काय येणार याचा मी रोज नवा अंदाज करते आणि तो छापखान्यातल्या सर्वांना सांगते. जरा-धराला तुझ्याबद्दल सांगितलं, तर तो फडकं थांबवून विचारू लागला, त्या कधी येणार? मी त्याला तुझी रीत आधीच सांगून ठेवली: ताईच्या हातात काही देऊ नका, नुसतं दुर्लक्ष करा.

इथे आता शेवटचा तो नेहमीचा शब्द यायला हवा, आणि तो या यंत्रावर येत नाही. पूर्वी याच शब्दापाशी माझं पत्र अडून बसायचं. आज नाही अडत. तू येतेच आहेस, मग हे संपवायचं कशाला?

तुझी पाठची

उद्याचं काम: दोन गेंडे ठेवायला भिंतीवर ठोकायची लाकडी पट्टी सुताराकडून आणणे. सुताराकडूनच.