खडूने आखलेली केबिन

तीर्थस्वरूप आक्का यांस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हल्ली कागदावरच घालतो. गुडघे असे झालेत की एकदा जमिनीवर गेलो की उठवायला दुसरं माणूस लागतं, आणि घरात दुसरं माणूस नाही.) तुमचा रक्तदाब, तुमची कंबर आणि तुमची सूनबाई, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. माझी प्रकृती उत्तम. वजन जरा उतरलंय, पण ते स्वतःच्या हातचं खाल्ल्यामुळे. आजार म्हणून काही नाही.

येत्या उन्हाळ्यात आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात आणि त्यानिमित्त तुमच्या धाकट्या बहिणीला युरोपात बोटीतून फिरवून आणायचं मी मनात घेतलंय, हे मागच्या पत्रात कळवलं होतंच. ही गोष्ट तिला कळू द्यायची नाही, हेही लिहिलं होतं. पुन्हा लिहितो. तिच्या कानावर अजिबात जाता कामा नये.

ती परदेशी लेकीकडे गेली ती लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी, सहा महिने म्हणून. मग ते बाळ बसायला लागलं, उभं राहिलं, पळायला लागलं, आणि ते पळतंय तोवर दुसरं आलं. तिच्या घरातल्या चपला दाराशी होत्या तशाच आहेत. एका चपलेत कोळ्याने जाळं विणलंय. त्याचा संसार माझ्यापेक्षा भरलेला दिसतो, म्हणून झाडत नाही. आमचं भांडण वगैरे काही नाही. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. पण ‘पोरांना टाकून कशी येऊ?’ यावर माणसाने काय बोलावं? रोज संध्याकाळी ती फोनवर दिसते, म्हणजे तिचं कपाळ दिसतं आणि मागचा दिवा दिसतो, कारण फोन नातवाच्या हातात असतो. ती विचारते, जेवलात का. मी म्हणतो, जेवलो. मग नातू फोन घेऊन पळतो आणि मला त्यांच्या घरातल्या सगळ्या टेबलांचे पाय बघायला मिळतात. (जोडकाम सुमार आहे. कारखान्याचा माल.)

तर बोटीचं. प्रवास कंपनीच्या कचेरीत मी इतक्यांदा गेलोय की तिथला शिपाई न विचारता पाणी आणून देतो. तिथे एक मुलगी बसते, आमच्या लेकीपेक्षा लहान, बोलायला गोड. तिला मी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं की मार्ग दक्षिणेकडचा, उन्हाचा हवा, आणि केबिन बोटीच्या पोटातली, बिनखिडकीची. तिला वाटलं मी पैसे वाचवतोय. “काका, लग्नाचा चाळिसावा वाढदिवस, आणि बिनखिडकीची?” मी म्हटलं, “अगं, तिला पाणी बघून घेरी येते. बादलीसुद्धा ती दुसरीकडे बघून भरते.” (तुम्हाला ठाऊकच आहे. लहानपणी तळ्याकाठी तुम्हीच तिचा फ्रॉक मागून धरून उभ्या असायचात म्हणे.) मग मुलीने काकूंच्या सवयी विचारल्या. उशी मऊ की कडक, सकाळी चहा की कॉफी, थंडी सोसते का. मऊ, चहा, अजिबात नाही, अशी मी धडाधड उत्तरं दिली. चाळीस वर्षांचा संसार म्हणजे काय चेष्टा आहे?

केबिनची मापं माहितीपत्रकात होती. पण ज्याने जन्मभर लोकांच्या भिंतीत कपाटं बसवली, त्याचा छापील मापावर विश्वास कसा बसणार? घरी आलो, टेप काढली, बैठकीतलं सामान भिंतीला लावलं, काठीच्या टोकाला खडू बांधला आणि उभ्याउभ्या फरशीवर केबिन आखली. दार, न्हाणी, दोन पलंग, मधे एक माणूस अंग तिरकं करून जाईल एवढी वाट. माझ्या पलंगाच्या जागी घडीची खाट ठेवली. तिच्या जागी नुसता खडू. म्हटलं, आखलीच आहे तर राहून बघावं. सुरुवातीला खडूच्या भिंतीवर पाय पडायचा. नियम असा केला की पाय पडला म्हणजे समुद्रात पडलो, परत दारातून आत यायचं. एका सकाळी दूध घ्यायला जाईपर्यंत चारदा बुडालो. पण सांगायची गोष्ट वेगळीच आहे. काही अडलं नाही. औषधं, चष्मा, पाण्याचा तांब्या, रेडिओ, सगळं खडूच्या आत मावलं. तेव्हा लक्षात आलं, ती गेल्यापासून मी घरात एवढ्याच जागेत राहतोय. बाकीचं घर मी नुसतं झाडतो.

शेजारचे दंतवैद्य संध्याकाळी बुद्धिबळाला येतात. ते आले ते सरळ चपलांसकट तिच्या पलंगावर उभे राहिले. मी केवढ्याने तरी ओरडलो, “अहो, चपला! ती झोपते तिथे!” त्यांनी खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग चपला हातात घेतल्या, आखलेल्या दारातून बाहेर गेले, चपला तिथे ठेवल्या, तोंडाने टकटक केलं आणि आत येऊन माझ्या खाटेच्या टोकाला बसले. म्हणाले, “पांढरी कोणाची?” चांगला माणूस. त्या दिवसापासून त्यांची बायको मला भाजीचा डबा देते, आणि रिकामा डबा न्यायला स्वतः येते. माझ्या डोक्यावर परिणाम झालाय का, हे बघायचं असतं. मी तिलाही दारातूनच यायला लावतो.

त्याच आठवड्यात फोनवर नातू म्हणाला, आजी पोहायला गेलीय. मला वाटलं थट्टा करतोय. तर लेकीने फोन घेतला. “अहो बाबा, वर्ष झालं. सांध्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलं होतं. आता तर खोल बाजूला जाते. आई बोलली नाही तुम्हाला?” मी म्हटलं, बोलली होती की, विसरलो. (बोलली नव्हती.) आक्का, राग नाही आला. नुसतं असं वाटलं, की माप घेऊन कपाट तयार केलं, पॉलिश केलं, बसवायला नेलं, आणि बघतो तर भिंत सरकलेली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन खिडकीची केबिन मागितली. मुलीने विचारलं, “घेरीचं काय काका?” म्हटलं, “गेली.” मग मी लेकीकडून आडून आडून माहिती काढायला लागलो. कळलं ते असं: चहा सुटला, आता बिनदुधाची कॉफी पिते. उशी घेतच नाही, मानेला बरं वाटतं म्हणे. आणि बर्फ पडला की घरातले सगळे आत आणि ही टोपी घालून फिरायला बाहेर! प्रत्येक बातमीसरशी मी कचेरीत. दक्षिणेचा मार्ग रद्द, उत्तरेचा घेतला, बर्फाच्या डोंगरांकडचा. खिडकीऐवजी समुद्रावरचा सज्जा. शेवटी त्या मुलीने लेखणी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, “काका, या त्याच काकू ना?”

मी म्हटलं, “तेच तर बघायला नेतोय.”

तर असं सगळं ठरलं आहे. घरची केबिनही नव्याने आखली. सज्जा जेवणाच्या टेबलाखाली आला, त्यामुळे त्यात अजून बसून बघितलेलं नाही. बाकी क्षेम. सूनबाईंना आशीर्वाद सांगा, त्यांना लागणार असतील तर.

आपला आज्ञाधारक,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. वर मी दोन ठिकाणी लिहिलंय की तिला सांगू नका. आक्का, आता खरं लिहितो. मागचं पत्र मी तुम्हाला घातलं, ते तुमच्या पोटात काही राहत नाही या भरवशावर. मी दुकान घेतलं ते मी घरी पोचायच्या आत तिला तुमच्याकडून कळलं. माझी दाढ काढली ते कळलं. तुमच्या मिस्टरांसोबत मी चोरून सिगारेट ओढली, तेसुद्धा कळलं. आणि नेमकं या वेळी तुम्ही तोंड शिवून बसलात! रोज संध्याकाळी वाट बघतो, की आता म्हणेल, “काय हो, बोटीचं काय ऐकते मी?” ती म्हणते, जेवलात का.

आणखी एक. म्हणजे मी तिला अजून विचारलेलं नाही. केबिन त्या मुलीने नुसती धरून ठेवलीय, महिनाअखेरपर्यंत. मी विचारलं आणि ती गप्प बसली, तर त्यानंतर रोज संध्याकाळी ते कपाळ बघायला मला जमणार नाही. तुम्ही विचारा. तुमच्या पद्धतीने, सांगू नको असं सांगितलंय म्हणून सांगते, असं म्हणून.

शेवटचं. बोटीला नाही म्हणाली तर ओढून धरू नका. मग एवढंच विचारा, थोडे दिवस इकडे येतेस का. सज्ज्याकडचा पलंग तिचा आहे. सध्या नुसता खडूचा आहे म्हणावं, पण येते म्हणाली तर लाकडाचा करून ठेवतो.