पाठीमागून शिकलेली दंडार

आंबागड,
दि. ८ ऑगस्ट १९८१

तीर्थस्वरूप तुलाराममामा यांस,
रुखमिणीचा शि. सा. न. वि. वि.

घरची खुशाली आईच्या पत्रातून आपणांस कळलीच असेल, म्हणून तिची पुनरुक्ती करीत नाही. आंबागडच्या शाळेवर मला आता सव्वा वर्ष झाले. भाताची रोवणी आटोपत आली आहे, त्यामुळे चौथीचा वर्ग हळूहळू भरू लागला आहे, आणि मुलांच्या पायांबरोबर बांधीतला अर्धा चिखल शाळेत येतो.

पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे. सप्टेंबरात मोहाडीला शिक्षकांचे पंधरा दिवसांचे शिबिर भरणार आहे. गावोगावच्या जाणत्या कलावंतांनी शिक्षकांना शिकवायचे, आणि त्या शिक्षकांनी परत येऊन आपल्या आजूबाजूच्या पाच-पाच शाळांतील शिक्षकांना तयार करायचे, म्हणजे प्रत्येक गावात आपली कला चालवणारी चार माणसे तरी राहतील, अशी योजना आहे. विस्तार अधिकारी पुंडलिकराव यांनी बैठकीत विचारले, की दंडार शिकवील असे कोणी आहे काय. मला बोलण्याचा धीर झाला नाही. मी चिठ्ठीवर आपले नाव लिहून पुढे सरकवले. ती चिठ्ठी सहा हातांतून फिरत त्यांच्याकडे गेली, त्यांनी ती मोठ्याने वाचली आणि मलाच उभे केले. बाहेरून नव्याने आलेल्या एका गुरुजींना दंडार ठाऊक नव्हती. टिपऱ्या घेतलेल्या समोरासमोरच्या दोन ओळी नाचत-गात एकमेकींतून पार होतात, एवढेच सांगून मी खाली बसले.

आपल्या दंडार मंडळाबाहेर कोणाला शिकवायचे नाही, हा आपला नेम मला माहीत आहे. तरीही विचारते आहे. आपण याल काय?

मामीस नमस्कार. आपले मन माझ्याविषयी आहे तसेच असू द्यावे.

आपली आज्ञांकित भाची,
रुखमिणी

*

बपेरा,
२१ ऑगस्ट १९८१

चि. कु. रुखमिणीस तुलाराममामाचे अनेक आशीर्वाद.

मी बोलून राहिलो अन् पोस्टाचे भय्याजी लिवून राहिले. त्याइले बजावून सांगतलं, का माझं बोलणं सुधरायचं नाही. तुझं पत्र त्याइनंच वाचून दाखवलं. एवढं 'आपण' 'आपण' आयकून मी मांगं वळून पाह्यलं, म्हटलं तहसीलदार तं नाही आला उभा!

काय व पोरी, तूच ना ते, मंडईच्या जत्रेत सोंग आलं का मायच्या पदरात तोंड खुपसनारी? अन् आता मामाले मास्तरायसमोर नाचवतं? माझा डावा गुडघा दोन सालापासून कुरकुर करून राहिला, ते तुले मालूम नाही का?

केशवरावाले सांगतलं. तीस साल माझ्यासमोरच्या ओळीत नाचला तो माणूस. तो भडकलाच. म्हणे, दंडार का सतरंजीवर बसून शिकाची चीज होय? मास्तर लोकं वहीत भरून नेतीन अन् वहीले उदई लागन. मी म्हटलं, मंडळात आता हाये कोण गा? तू अन् मी. पोट्टे सारे खाणीवर गेले. दोघायची दंडार कुठं होते काय?

म्हून मी येतो. पण माझी एक अट आहे. जे शिकान, ते दिवाळीनंतर आंबागडच्या मंडईत, भर उन्हात, लोकायसमोर तुमच्या पोरायनं खेलून दाखवलं पायजे. केशवराव येईन पाहाले. जमलं तं पुढच्या साली अजून शिकवतो. नाही जमलं तं केशवरावाचं खरं. मी माझ्या टिपऱ्या बोडीच्या पाण्यात टाकतो अन् पुन्हा कोणाले शिकवत नाही.

मामी म्हणते, जेवत जाय वेळेवर. तुह्यावर जीव असलेला,
तुलाराममामा

ता. क. (भय्याजीकडून) : टिपऱ्या बोडीत टाकण्याचे हे चार वर्षांपासून सांगत आहेत. परंतु या वेळी सांगताना हसले नाहीत, म्हणून कळवतो.

*

आंबागड,
दि. ४ ऑक्टोबर १९८१

ती. स्व. मामांच्या चरणी,
शि. सा. नमस्कार वि. वि.

शिबिराहून परतल्यावर आपण सुखरूप पोचल्याचे आईकडून कळले. गुडघ्याला तेल लावता ना? तेथे निघताना सारे आपल्याभोवती होते, आणि मी खांबामागे उभी राहून टिपऱ्यांची पिशवी सांभाळत होते. म्हणून जे बोलायचे राहिले ते येथे लिहिते.

पहिल्या दिवशी चित्रकला शिक्षकांनी जमिनीवर खडूने पावलांच्या खुणा आखल्या, तेव्हा आपण त्या धोतराच्या सोग्याने पुसून टाकल्या आणि म्हणालात, का पाय तुमच्या खुना पाहून राहिले का तुमी पायाले पाहून राहिले. तेव्हा पुंडलिकरावसुद्धा हसले. मग गुरुजींना आपण आपल्या मागे दोन ओळींत उभे केले. आम्ही तिघी बाया समोरच्या सतरंजीवर बसलो. पुरुषांच्या ओळीत बायांनी उभे राहण्याचा विषय कोणी काढला नाही, आणि खरे सांगायचे तर मला त्याचे बरेच वाटले. मी वही काढली. पंधरा दिवसांत बेचाळीस पाने झाली. कोणत्या बोलावर कोणते पाऊल, गिरकी कोणीकडे, टिपरी कोणत्या हाताची वर, सारे टिपून ठेवले आहे. आपण एकदा जवळ येऊन विचारले होते, का काय लिवून राहिली व एवढं. आणि मी नुसती मान हलवली होती.

आनंदाची गोष्ट अशी, की त्या वहीवरून मी माझ्या मुलांना शिकवलेच, शिवाय पाच शाळांच्या शिक्षकांनाही दोन रविवार शिकवले. वहीच्या प्रती काढून त्यांना दिल्या. शिकवताना मी त्यांच्याकडे पाहत नव्हते, वहीकडे पाहत होते. म्हणून शिकवता आले.

मंडई दहा नोव्हेंबरला आहे. एका ओळीत माझी बारा मुले-मुली आणि समोरच्या ओळीत मोहाडीचे सेवकराम गुरुजी, जे शिबिरात आपल्या अगदी मागे असत, त्यांच्या शाळेची बारा. दिवाळीनंतर दोन्ही ओळी प्रथमच एकत्र सराव करतील.

लोभ तर आहेच. तो या वेळी थोडा उघडपणे मागते.

आपली,
रुखमिणी

*

बपेरा,
१९ ऑक्टोबर १९८१

चि. रुखमिणीस आशीर्वाद.

हलका धान पिवळा पडून राहिला, म्हून जास्त सांगत नाही. तुझं पत्र भय्याजीनं पारावर वाचलं. मी वाचाले लावलं. बेचाळीस पानं आयकून केशवराव म्हणे, एवढ्या पानायत तं माझ्या पोरीचं लगन लागलं असतं. हसू दे त्याले. मी म्हटलं, दहा तारखेले मंडईत पाह्यजो. आता सारा गाव येऊन राहिला पाहाले, बैलायच्या दोन खासरा जुपतीन.

तिवसाच्या लाकडाच्या चोवीस जोड्या टिपऱ्या करून ठेवल्या. पोरायचे हात लहान असतेत, म्हून बोटभर बारीक केल्या.

तुह्या मामाले तुह्या नावाचा लय हरीक आहे, हे भय्याजी लिवतो म्हणते. मी तसं म्हटलं नाही.

तुलाराममामा

*

आंबागड,
दि. १ नोव्हेंबर १९८१

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र टपालात न टाकता सेवकराम गुरुजींच्या हाती देत आहे, म्हणजे उद्याच आपणांस मिळेल.

मामा, आपण मंडईला येऊ नये. बपेऱ्याच्या मंडळींनाही थांबवावे.

काल दोन्ही ओळी समोरासमोर उभ्या केल्या. पहिली दोन कडवी छान झाली. मग पलटी आली. आपण शिकवल्याप्रमाणे प्रत्येक ओळीने आपापल्या उजवीकडे सरकून पुढे जायचे, म्हणजे दोन्ही ओळी एकमेकींतून पार होतात. सेवकराम गुरुजींची मुले उजवीकडे सरकली. माझी मुले डावीकडे सरकली. चोवीसच्या चोवीस मुले एकमेकांवर आदळली. बेबी नावाच्या माझ्या मुलीच्या बोटांवर टिपरी बसली आणि ती रडताना म्हणाली, का बाई, मी तं तुमी सांगतलं तसंच केलं. ते खरेच होते.

मी वही उघडली आणि रात्री जेवलेही नाही, एवढ्यावरून आपण काय ते समजावे. चूक मुलांची नव्हती. मी आपल्या समोर बसले होते. आपले तोंड माझ्याकडे होते. आपण उजवा पाय टाकलात, की तो माझ्या डाव्या हाताकडे पडे, आणि मी "डावा" लिहिले. बेचाळीस पानांत एकही पाऊल सुटलेले नाही, आणि एकही बरोबर नाही. शाळेत प्रत्येक वर्षी पहिली आलेल्या मुलीने हे केले. मागे ओळीत उभी राहिले असते तर पहिल्याच दिवशी कळले असते. पण पुरुषांच्या ओळीत उभे राहण्याची मला लाज वाटली. त्या लाजेपायी आता सहा गावांत आपली दंडार उलटी झाली आहे.

केशवराव हसतील ते माझ्यावर हसोत, आपल्यावर नको. पुंडलिकरावांना मी चूक कळवते आणि माझे नाव काढायला सांगते. टिपऱ्या मात्र बोडीत टाकू नका. एवढे मागण्याचा अधिकार उरला असेल तर मागते.

रुखमिणी

*

बपेरा,
२ नोव्हेंबर १९८१

रुखमे,

आशीर्वाद मनात आहेत, लिवाले वेळ नाही. सेवकराम मास्तर उभे आहेत, चहा थंडा होऊन राहिला.

पत्र आयकून मी आधी हासलो. पोरी, तू समोर बसली ते मले पहिल्याच दिवशी दिसलं होतं ना! म्हटलं, पोरगी आपली आहे, लाजाळू आहे, बसू दे. तोंड पाहून शिकन. आमचे उस्ताद सुखराम, त्याइनं आमाले एक पावसाळाभर आपल्या मांगं उभं केलं. त्याइचं तोंड नाही पाह्यलं आमी, पाठ पाह्यली अन् टाचा पाह्यल्या. हे मले मालूम होतं, अन् मी तुले उठ म्हटलं नाही. मंग चूक कोणाची? अर्धी माझी लिव.

पुंडलिकरावाले काही कळवू नको. मी परवा सकाळच्या बसनं येतो. पोरं बोलाव. त्या पाचही शाळेचे मास्तर बोलाव. वही घरी ठेव.

अन् तू माझ्या मांगं उभी राहाशीन. पहिल्या नंबरावर. मास्तरं पाहतीन, गावचे लोकं पाहतीन, पाहू दे. तू उभी नाही राहिली तं मी एकही पाऊल टाकत नाही, हे पक्कं समज.

मामी शिंगाड्याचा डबा देऊन राहिली.

तुलाराममामा

*

आंबागड,
दि. १३ नोव्हेंबर १९८१

ती. स्व. मामांच्या सेवेशी,
शि. सा. नमस्कार वि. वि.

आपण येथे सहा दिवस होता, मग पुन्हा पत्रात सांगण्यासारखे काय उरले, असे मामी विचारतील. उरले आहे. आपले तोंड पुढे होते, त्यामुळे आपल्या मागे जे घडले ते आपणांस दिसलेले नाही. तेवढेच लिहिते.

पहिल्या सकाळी शाळेच्या अंगणात मी आपल्या मागे उभी राहिले, तेव्हा कुंपणापाशी बरीच माणसे होती. कोणीतरी मोठ्याने म्हणाले, का बाई आता दंडारीत नाचतीन काय गा! माझे पाय तेथेच खिळले. आपण मागे वळला नाहीत. फक्त टिपरी वाजवलीत आणि पाऊल टाकलेत. माझ्यासमोर आपली पाठ होती आणि खाली आपल्या भेगाळलेल्या टाचा. मी त्यांच्याखेरीज कशाकडे पाहिले नाही. दुसऱ्या कडव्यापर्यंत मी रडत होते, आणि पाय चालत होते. माझ्या मागे बेबी होती, तिच्यामागे इतर मुले, त्यांच्यामागे पाच गुरुजी. मुलांनी उलटे विसरायला दोन दिवस घेतले. गुरुजींना चार लागले.

मंडईच्या दिवशी दोन्ही ओळी एकमेकींतून पार झाल्या, तेव्हा लोकांनी जो आवाज केला तो आपण ऐकलात. जे आपण पाहिले नाही ते असे. केशवरावकाका खासराजवळ हाताची घडी घालून उभे होते. तिसऱ्या पलटीला त्यांनी घडी सोडली. चौथ्या कडव्याला त्यांनी धोतराच्या कंबरेतून स्वतःच्या टिपऱ्या काढल्या. म्हणजे ते त्या घेऊनच आले होते. मग ते सेवकराम गुरुजींच्या ओळीच्या शेवटी, सर्वांत लहान मुलाच्या मागे, जाऊन उभे राहिले आणि शेवटपर्यंत खेळले. परत जाताना मला म्हणाले, का बाई, सतरंजी मात्र जाळून टाक.

पुंडलिकरावांनी पुढच्या वर्षीचे शिबिर बपेऱ्यालाच घेण्याचे ठरवले आहे आणि बायांना शिकवण्याचे काम माझ्याकडे दिले आहे. मी चिठ्ठी न पाठवता, तोंडाने "हो" म्हणाले.

आता एक अडचण विचारते. मी नवी वही लिहायला घेतली आहे, या वेळी आपल्या मागून. पलटी संपताना आपली डावी टाच जमिनीवरून किंचित उचलली जाते. ती गुडघ्याच्या दुखण्यामुळे, हे मला माहीत आहे. पण मी ती पाहून तशीच उचलली, माझ्यामागच्या मुलांनी माझी पाहून उचलली, आणि मंडईत साऱ्या ओळीने एकाच वेळी डावी टाच उचलली. लोकांना तेच फार आवडले. हे वहीत लिहावे, की मुलांना सांगून काढून टाकावे? आपले दुखणे सहा गावांत पसरवल्यासारखे मला वाटते.

उत्तराच्या वाटेवर डोळे लावून बसलेली,
आपली,
रुखमिणी

*

बपेरा,
२४ नोव्हेंबर १९८१

चि. रुखमिणीस मामा-मामीचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. केशवरावाचं वाचलं तेव्हा तो बाजूलेच बसला होता. म्हणे, झूट आहे, टिपऱ्या चुकून आल्या सोबत. आता रोज सांजच्या पारी इकडं येते, अन् दोघं बसून पुढच्या सालाचं ठरवतो. तीन पोट्टे खाणीवरून सुटी काढतो म्हणतेत.

टाचेचं आयकून मी उठलो अन् पलटी करून पाह्यली. भय्याजीनं दोनदा दौत झाकली.

पोरी, माझा गुडघा तं आत्ता दोन सालापासून दुखते. टाच मी वीस वर्साचा होतो तेव्हापासून उचलतो. सुखराम उस्ताद उचलत होते, म्हून मी उचलली. मले वाटे ते पाऊलच तसं आहे. केशवरावाले इचारलं, तो म्हणते मी बी तसाच उचलतो, काहून ते नाही मालूम. आता उस्तादाचा पाय दुखत होता का त्याइच्या उस्तादाचा, हे इचाराले कोणी उरलं नाही.

लिवून टाक वहीत.

तुलाराममामा