टाचेमागची गाठ

रत्नागिरी,
१७ नोव्हेंबर २०२४

चि. लवू यास अनेक आशीर्वाद.

बाबा होडीवरून आले की पालथे पडायचे आणि आपण त्यांचे पाय दाबायचो, आठवतं? उजवा माझा, डावा तुझा. टाचेमागे दोरखंडासारखं जाड, वर गाठी. तू विचारलंस, “हे काय?” ते म्हणाले, “नांगराचा दोर हाय तो. बांधलेला हाय म्हणून परत येतो मी.”

इकडे सर्व ठीक, असं लिहिणार होते. पण ऑगस्टमध्ये आमच्या सर्वेशची अँजिओप्लास्टी झाली. मुलगा चौतीस वर्षांचा, ना विडी ना दारू. आता बरा आहे.

डॉक्टरीणबाईंनी त्याचे पायमोजे काढायला लावले. टाच चिमटीत धरून बघितली आणि मला म्हणाल्या, “आई, तुमची दाखवा.” कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर नखं तपासायच्या तशी मी घाबरले. माझ्याही टाचेमागे तेच! इतकी वर्षं मी त्याला चपलेचा घट्टा समजत होते.

ते कोलेस्टेरॉल. काही घरांत ते रक्तातून काढून टाकण्याची सोय जन्मापासूनच अपुरी असते. टाचेत साठलेलं दिसतं, हृदयाच्या धमन्यांतलं दिसत नाही. ज्याला आहे, त्याच्या प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी.

मला तर नादच लागला. आपलं घराणं कागदावर मांडलं. गुहागरला गोदाआत्याकडे गेले. “अगो, दोन वर्षांनी तोंड दाखवलंस ते माझ्या टाचा बघायला? उद्या दात मोजशील!” तिचं वय सत्याऐंशी. टाचा साफ, रक्तही तपासलं, तेही साफ. तिचे सख्खे भाऊ, आपले बाबा, त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. आजोबा पन्नाशीच्या आत.

लवू, बाबा त्या सकाळच्या भांडणाने गेले नाहीत. सोळा वर्षांचा तू, होडीवर येणार नाही म्हणालास, एवढंच. त्यांच्या धमन्या कितीतरी आधीपासून भरत होत्या. आणि मी बंदरावर सगळ्यांसमोर म्हणाले, “तू मारलंस बाबांना.” तू मुंबईला निघून गेलास. आईच्या तेराव्यालाही दारातूनच परतलास. तू आधी बोलशील म्हणून मी चाळीस वर्षं थांबले. थोरली मी होते.

आता वाचता वाचताच खाली हात घालून टाच चिमटीत धर. गाठ लागली नाही तरी रक्त तपास. गोळ्या आहेत, वेळेत कळलं तर माणूस म्हातारा होतो. मला तू म्हातारा झालेला बघायचाय.

सोबत पाठवते ते असं वाटून घ्या. घराण्याचा तक्ता तुझ्या डॉक्टरांना. तपासणीची चिठ्ठी सानवीला. चोवीस वर्षांची पोर हसेल, तरी बाप म्हणून तिला घेऊन जा. बाबांचा होडीवरचा फोटो तुला, माझ्याकडे दुसरा नाही. आणि मी बंदरावर बोलले ते कुणालाच नको. ते माझं आहे, माझं मला परत दे. पोस्टाने नको, घरी येऊन दे.

उजवा पाय दाबणारी,
तुझी गुणाताई