फिल्म अडकलीच नव्हती

बामाको, शुक्रवार

बाबांना सिरिमानचा सलाम.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुमचा जुना कॅमेराही धडधाकट आहे. फक्त झोप उडाली आहे.

घरमालकीणबाईंच्या लेकीच्या लग्नात मी हौसेने फोटो काढले. छत्तीस झाले तरी कॅमेरा थांबेना. उघडून पाहिलं, तर फिल्म चक्रीत अडकलीच नव्हती. एकही फोटो आला नव्हता.

आठवडाभर मी मागच्या दाराने ये-जा केली. आज मात्र जाऊन सांगून टाकलं.

"म्हणजे दिवसभर रिकाम्या डब्याकडे बघून हसलो आम्ही?" बाई कडाडल्या. "तुम्ही कुलिबाली नुसती चवळी खायलाच जन्मलात!" आपल्या आडनावाला चवळीखाऊ म्हणून चिडवायचा त्यांच्या घराण्याचा जुना हक्क त्यांनी रागातही सोडला नाही.

माहेरी आलेली नवरी रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "आजी उद्या गावी निघाली. निदान तिचा तरी काढ."

आजी लग्नातलं लुगडं नेसून अंगणात बसली. मी घाईघाईने फिल्म भरू लागलो.

"सावकाश भर रे," ती म्हणाली, "मी कुठे पळतेय?"

या वेळी चक्री फिरताना दिसली. रोल धुवायला दिलाय, सोमवारी कळेल. तोवर जिवाला चैन नाही.

आईचा गुडघा कसा आहे? आणि बाबा, तुमचाही पहिला रोल असाच गेला होता का? खरं सांगा.

तुमचा,
सिरिमान