नमुन्याची खुर्ची

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. सुखरूप पोचले. वहिनीला सांग, खाण्याचे हाल नाहीत, झोपेचे मात्र आहेत. दिवसभर या परक्या देशात खुर्च्यांचे कारखाने पालथे घालायचे आणि खोलीवर आल्यावर पायांनी संप पुकारायचा, असं चाललंय.

पहिल्या कारखान्याचा मालक गोड बोलून माल गळ्यात मारू पाहत होता. ओलावा मोजायचं यंत्र लाकडाला टेकवलं, तसा त्याचा आवाज बसला. लाकूड पार ओलं होतं. दुसरीकडच्या खुर्च्या देखण्या, पण बसलं की आपल्या आत्यासारख्या कुरकुरतात. तिसरा कारखाना खरा. सांधे घट्ट, पॉलिश एकसारखं. निर्यातीचा माल म्हणतात तो हाच. आपण जन्मभर हाताने केलं ते इथे यंत्रावर होतं, आणि खोटं कशाला बोलू, चांगलं होतं.

तू दिलेली नमुन्याची खुर्ची मी तिथे दाखवली. फोरमनने ती टेबलावर उलटी केली आणि मागच्या पायाच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. तिथे फट होती, सरस आणि भुशाने बुजवलेली. दुभाष्याने विचारलं, "शिकाऊ माणसाने केलीये का?"

मी हो म्हणाले.

दादा, लाज वाटली म्हणून नाही. दुसरा शब्द काढला असता तर तिथेच रडले असते. तुझ्या सांध्यात कधी कागद शिरला नाही. "घडवण्यापेक्षा मागवणं परवडतं," असं तू म्हणालास, आणि मी मुकाट्याने बॅग भरली. चहाचा कप तू दोन्ही हातांनी धरतोस, ते मी पाहत होते. थंडी असेल म्हणून सोडून देत होते.

काल पुन्हा गेले. फोरमनला सांगितलं, खुर्ची माझ्या भावाची आहे, त्याचे हात आता ऐकत नाहीत. त्याने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाला, "माझ्या वडिलांचंही असंच झालं होतं. ते लपवत राहिले."

बिनपॉलिशच्या खुर्च्यांची ऑर्डर दिली आहे. दुकान चालेल, कारागिरांना पॉलिशचं काम राहील. पण मी आल्यावर आधी डॉक्टरकडे जायचं. वहिनीला ठाऊक असेल तर तिच्यावर चिडू नकोस, आणि नसेल तर आजच सांग.

फोनवर हे माझ्याच्याने बोलवलं नसतं, म्हणून लिहिलं. तू मात्र उत्तर लिहायला बसू नकोस. नुसता फोन कर. काही बोलला नाहीस तरी चालेल.

तुझी,
छोटी