बिनपगारी मालक

वारंगा फाटा,
शुक्रवार, दुपार

तीर्थस्वरूप तातेराव मामांना,

आकांक्षाचा सविनय जय भीम. मामींनाही सांगा. तुमचा गुडघा आता कसा आहे? मागं पाठवलेली तेलाची बाटली गुडघ्याची होती. मामी म्हणाल्या, तुम्ही ती डोक्याला लावून संपवली. असू द्या, डोक्याला तरी आराम पडला असेल. (तिथं तेल मुरायला केस किती उरलेत, ते मी विचारत नाही.) इकडे मी बरी आहे. तुमच्या जावयांची तब्येत ठणठणीत आहे, आणि सध्या तीच मोठी तकलीफ आहे. फोनच करणार होते, पण फोन लावला की हे शेजारी येऊन बसतात आणि मी काय बोलते त्यात दुरुस्त्या सुचवतात. म्हणून पत्र, आजच कुणाच्या तरी हाती पाठवते.

मामा, हे स्थळ तुम्ही आणलं. तुमच्याच कळमनुरीच्या कार्यालयातला लिपिक. बाबांना तुम्ही एकच वाक्य सांगितलं, "पोरगं पर्मनंट हाय." बाबांनी त्यापुढं काही विचारलं नाही. त्यांचं बरोबरच होतं. आमच्या घरात त्याआधी कुणाच्या कामाला दुसऱ्या दिवसाची खात्री नव्हती, तिथं पर्मनंट म्हणजे काय ते तुम्ही जाणता. मी फाट्यावर खानावळ टाकायचं काढलं तेव्हा ह्याच पर्मनंट माणसानं मला महिनाभर समजावलं होतं की धंदा आज आहे, उद्या नाही, नोकरी म्हणजे डोक्यावर पत्रा. मी ऐकलं नाही. माझी भाकरी चालली, ठेचा त्याहून चालला, नांदेडकडं जाणारे ट्रकवाले नाव विचारत यायला लागले. हे संध्याकाळी कार्यालयातून आले की स्टुलावर बसून गर्दीकडं बघायचे. तेव्हाच मी त्यांच्या मनातलं ओळखायला पाहिजे होतं.

दिवाळीनंतर त्यांना नवे साहेब आले, वयानं लहान. एका फायलीवरून त्यांनी चारचौघांत आवाज चढवला. हे घरी आले, जेवले नाहीत. मी विचारलं, "काहून?" तर म्हणाले, "आकांक्षा, तू कोनाचं ऐकून घेतेस का? न्हाई ना? मंग मीच काहून ऐकू?" मला वाईट वाटलं मामा, खरंच वाटलं. मीच म्हटलं, या माझ्यासंगं, दोघं मिळून करू. त्यांनी बिनपगारी रजा टाकली आणि मालक झाले.

मालक पहिल्या दिवशी सव्वादहाला आले. माझा सकाळचा धंदा तोवर उरकून भांडी धुऊन झाली होती. इस्त्रीचा सदरा, खिशात दोन पेनं (एक लाल). येताच टेबलं एका रांगेत लावली आणि गिऱ्हाइकांनी कुठून आत यायचं, कुठून बाहेर जायचं ते ठरवलं. चार टेबलांची खानावळ, दार एकच. दुपारी मी पीठ आणायला गेले. परत येते तर शटर अर्धं खाली, बाहेर आठ-दहा माणसं, आणि आमचा जुना गिऱ्हाईक अमरसिंग ड्रायव्हर कपाळाला हात लावून उभा. "भाभीजी, खाने के टाइम पे खाना बंद?" आत हे एकटे शांतपणे डबा खात बसलेले. म्हणाले, "जेवणाची सुट्टी हाय." मी म्हटलं, अहो, लोकांच्या जेवणाची येळ तीच आपली कामाची येळ! त्यांना हे पटलं, पण चेहऱ्यावरून दिसत होतं की असला अन्याय त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

पुढं कुणी जास्तीचा कांदा मागितला की तोंडातून आपोआप निघायचं, "उद्या या." दुसऱ्या शनिवारी उठलेच नाहीत. कोथिंबिरीची जुडी घ्यायची तरी मला विचारायला यायचे. मी कामात असले तर बाजूला हात बांधून उभे राहायचे. (खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मला ते आवडलं.)

मग महाशिवरात्र आली. मी नणंदेच्या बाळाच्या नामकरणाला नरसीला गेले होते. ह्यांनी डोकं लढवलं: उमरखेड-हदगावकडून औंढ्याला जाणाऱ्या गाड्यांची आज फाट्यावर रीघ लागणार, म्हणजे धंदा. दोन बाया जास्तीच्या लावून भाकरीची चळत उभी केली, पातेलंभर वांग्याची भाजी आणि वर कांदा घालून झुणका. गर्दी आली. जो उतरला तो विचारी, साबुदाणा हाय का? भगर हाय का? मामा, गाड्या मोजल्या, पण त्यांतल्या पोटांना आज उपास आहे हे काही ह्यांच्या ध्यानात आलं नाही! एक आजीबाई तर झुणक्याकडं बघून लांब सरकल्या.

मी फिरून आले तर खानावळ रिकामी, पातेली रिकामी आणि हे गायब. मला वाटलं, घाबरून कुठं निघून गेले. शोधत गेले तर रस्त्यापलीकडं ऊसतोड करणाऱ्यांच्या पालांमध्ये सापडले. सदऱ्याच्या बाह्या वर, हातात डाव, सगळ्यांना पंगतीत वाढत होते. त्या दिवशी फडाचं काम बंद होतं आणि चुली थंड होत्या म्हणे. रुख्मिणीबाई नावाची एक म्हातारी जेवून उठली, ह्यांच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "लेकरा, पोट भरलं बग." आणि मामा, तुमचे पर्मनंट जावई डाव हातात घेऊन रडायला लागले. वाटेनं मला म्हणाले, "इतकी वर्सं सह्या शिक्के केले, कोनाचं पोट भरलं असं कोनी सांगितलं न्हाई." मी नुकसानीवरून भांडायचं ठरवून आले होते, ते राहूनच गेलं.

त्याच आठवड्यात ते राजीनाम्याचं बोलायला लागले आणि मी नको म्हटलं. त्यांना ते लागलं. "मंग तू काहून मालक, अन् मी काहून नोकर?" रात्रभर विचार केला तेव्हा कळलं की मी स्वतःच्या जिवावर उभी आहे असं जे सगळ्यांना सांगत फिरते ते अर्धंच खरं आहे. पहिल्या पावसाळ्यात रस्त्याच्या कामामुळं दोन महिने इकडं कुत्रं फिरकलं नाही, तेव्हा घर ह्यांच्या पगारावर चाललं. मला धाडस करता आलं, कारण घरात एक भित्रा माणूस होता. सकाळी मी हे जसंच्या तसं त्यांना सांगितलं (भित्रा शब्द वगळून). ते म्हणाले, "म्हंजे खानावळीत माझाबी हिस्सा हाय म्हन की." मी म्हटलं, व्हय, पयल्या दिवसापासून हाय.

तेव्हा ठरलं ते असं: सोमवारी हे कामावर हजर होणार. रविवारी खानावळीत वाढायचं काम त्यांचं. स्वयंपाक, खरेदी आणि पंचांग माझ्याकडं.

मामींना घेऊन एकदा जेवायला या. गुडघ्याला सोसेल अशी खुर्ची ठेवते.

तुमची भाची,
आकांक्षा

ता. क. — खरं काम लिहायचं राहिलं. रजेवर निघताना कार्यालयातल्या लोकांनी ह्यांना शाल-श्रीफळ दिलं होतं, आणि ह्यांनी उत्तरादाखल 'नोकरी ही गुलामी' या विषयावर भाषण ठोकलं होतं, तेही साहेबांसमोर. आता त्या दारातून आत जायला लाज वाटते म्हणतात. निवृत्त झालात तरी तुम्हाला तिथं अजून मान आहे. सोमवारी त्यांच्या बराबर दारापर्यंत चला. काही बोलू नका, नुसतं संगं राहा.

ता. क. २ — कळमनुरीत मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकिणीची कायम जागा निघणार असं ऐकते. मला नको, उगीच आपली माहिती. वयाची अट काय आहे तेवढं बघून ठेवा, आणि ह्यांना सांगू नका.