चर्चच्या भिंतीतली बाई

प्रिय सुमन,

तू गेल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी भांडतोच आहे. आज लिहून भांडतो. आपल्या केतकीला ऑफिसने इंग्लंडची जागा देऊ केलीय आणि सोमवारी ती नाही म्हणून कळवणार आहे. काल फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "बाबांना तिकडे नेता येत नाही, आणि त्यांना एकटं ठेवणार नाही असा आईला शब्द दिलाय."

असा शब्द घेताना मला एकदा तरी विचारलंस?

या परक्या देशात, हौगांगमधल्या केतकीच्या या अकराव्या मजल्यावर मी स्वतःलाच कैदी समजत होतो. एकदा खालच्या हॉकर सेंटरवर, त्या खाण्याच्या टपऱ्यांपाशी, पाय काय घसरला, तेव्हापासून खाली कॉफी प्यायला जायचीही चोरी. एमआरटीचं, इथल्या मेट्रोचं, तर नावच नको. अलिबागच्या घरी परतायचा विषय काढला की पोरगी उठून भांडी घासायला लागते.

इंग्लंड म्हटल्यावर ते खेड्यातलं जुनं चर्च आठवलं. आमचं जहाज बंदरात अडकलेलं, त्या फेरीला तूही सोबत, आणि तू मला बसने ओढत नेलंस. मी जन्म इंजिनरूममध्ये घालवलेला माणूस, थंडीने कुडकुडतोय, आणि तू, शाळेतल्या इतिहासाच्या बाई, दारातल्या बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडापासून सुरू! बाकांच्या टोकांना कोरलेले कोल्हे काय, छताच्या तुळयांवरचे लाकडी देवदूत काय. सगळं बोट लावून दाखवलंस.

मग वेदीजवळच्या भिंतीतली ती तिरपी फट. पलीकडच्या खोलीत म्हणे एक बाई व्रत घेऊन जन्मभर राहिली. मेलेल्या माणसासाठी म्हणायच्या प्रार्थना तिच्यासाठी आधीच म्हटल्या आणि दार चिणून टाकलं. फटीतून वेदी दिसायची, तेवढंच. तू म्हणालीस, "अहो, ती आपल्या मर्जीने गेली होती." मला रागच आला. गावात एकालाही तिला बाहेर ये म्हणावंसं वाटलं नाही?

काल फोन ठेवून केतकी हसत बाहेर आली. "बाबा, चहा टाकू?" तेव्हा लख्ख कळलं, कोंडलेला मी नाहीच, आपली पोर आहे. आणि दार चिणणारे आपण दोघं. फार लाज वाटली गं.

आज ती घरी आली की सांगणार आहे, तुझा शब्द मी मोडला. अलिबागला एकटा राहीन, पडलो तर पडेन. ती रडेल, भांडेल, मी ऐकणार नाही. तुझी परवानगी मागत नाहीये, सुमन. वर भेटशील तेव्हा हवं तेवढं बोल.

तुझाच,
अरुण